शिट्टीशिवाय आत नाही

सदर भागातल्या आमच्या एमआरआय सेंटरच्या व्हरांड्यात, भर कामाच्या वेळी, उपाशीपोटी आलेली, केस पिकलेली, सभ्य माणसं एकामागून एक शिट्ट्या मारताना तुम्ही कधी पाहिली असतील, तर तो प्रकार माझ्या डोक्यातून निघालेला नव्हता हे आधीच सांगून टाकते. तो सरांचा, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी रिपोर्ट लिहायचे त्या आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांचा. लोकांना मात्र तो माझा वाटायचा, कारण सर शिट्टी मारायला लावून निघून जायचे आणि नातेवाइकांसमोर मी उरायचे. "मॅडम, गाठ कानाखाली आहे न, मंग शिट्टी काहून मारायला लावून राहिले?" असं विचारणाऱ्या मुलांना, सुनांना आणि जावयांना उत्तरं देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

उत्तर तसं सोपं आहे. कानाच्या पुढे-खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर लाळेची मोठी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की माणूस आमच्याकडे येतो. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या भोकातून बाहेर पडते आणि नेमकी या ग्रंथीतून जाते. तिथेच तिला फांद्या फुटतात. डोळा मिटणं, हसणं, ओठ दुमडणं, सगळं त्या नसेच्या जिवावर. गाठ वाईट असली तर ती नसेला धरू शकते, आणि मग शिट्टी मारताना एका बाजूने नुसता वारा सुटतो. इथपर्यंत मला मान्य आहे. पण हे तपासायचे दुसरे मुकाट मार्ग आहेत. दात दाखवा म्हणावं, डोळे घट्ट मिटा म्हणावं, गाल फुगवा म्हणावं. सर तेही करायचे, पण त्यांचं समाधान व्हायचं नाही.

"गाल तं बेडूकबी फुगवते," ते म्हणायचे. "शिट्टीले दोन्हीकडून सारखी ओढ लागते. जराशी कमी पडली का कान सांगते."

असा त्यांचा नियम होता, शिट्टीशिवाय आत नाही. पेशंट लाजला तर सर स्वतः मारून दाखवायचे. कुठल्यातरी जुन्या चालीचा एक तुकडा होता, तो सुरेख वाजवायचे आणि नेहमी अर्ध्यात सोडायचे. पुढचं पेशंटने पूर्ण करावं अशी अपेक्षा. एकदा ते चहाला गेले होते आणि एक मुलगी शिट्टी मारेना, तेव्हा आमचा टेक्निशियन नरेश म्हणाला, "मॅडम, तुम्ही दाखवा न." मी त्याला इतकं झापलं की तो विषय तिथेच मिटला. सरांनाही मी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "तुम्ही म्हणाल ते करीन, पण व्हरांड्यात उभी राहून मी शिट्टी मारणार नाही."

"नको मारू," ते म्हणाले. "मी मेलो का मंग मार."

ते जरीपटक्याहून स्कूटरवर यायचे. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, काखेत स्वेटर. सेंटरच्या गारव्यात बसलं की हाडं दुखतात म्हणे. स्वेटरच्या खिशात संत्रं. ते संत्रं ते कीबोर्डवर सोलायचे. आमच्या रिपोर्टिंग रूमच्या कीबोर्डची बटणं हिवाळाभर चिकट असायची आणि उन्हाळ्यात त्यांना मुंग्या लागायच्या. मी एकदा कीबोर्डवर प्लॅस्टिकचं झाकण घातलं, तर त्यांनी त्यावर सालं ठेवायला सुरुवात केली.

संत्र्याची एक फोड पेशंटलाही मिळायची. आंबट खाल्लं की लाळ सुटते. लाळेच्या नळीत खडा अडकला असेल तर गाल लगेच ठणकतो, फुगतो. म्हणजे त्यामागेही शास्त्र होतं. त्यांच्या प्रत्येक उपद्व्यापामागे थोडंसं शास्त्र असायचं, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही यायचं नाही.

"सर, पेशंट उपाशी ठेवला आहे," नरेश कळवळून सांगायचा.

"एक फोड म्हणजे जेवण का बे?"

आता पाहुण्याबद्दल सांगते. आमच्या तपासणीत शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देतात. ते गाठीत किती भराभर शिरतं आणि किती भराभर निघून जातं, त्याची स्क्रीनवर रेघ उमटते. त्या रेघेवरून गाठीचा स्वभाव बराचसा कळतो. हे मी तुम्हाला शहाण्या माणसासारखं सांगितलं. सर असं सांगायचे, "औषध म्हणजे पाहुणा. साध्या गाठीत तो हळूहळू येते, चपला काढते, मंग बसते. बिड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यायची एक गाठ राहते, तिच्यात धावत येते अन् चहा पिऊन लगेच निघते. अन् एक राहते, तिच्यात धावत येते अन् मंग हलतच नाही. त्या पाहुण्याले भ्या." शिकायला येणारी पोरं हे वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत कुणी तसंच लिहून येईल या भीतीने मी त्यांना पुन्हा बसवून नीट शिकवायचे आणि वर सांगायचे, की याला अपवाद पुष्कळ आहेत.

"हाय न अपवाद," सर आतून ओरडायचे. "म्हणून तं नस पाहाची. गाठ कोणीबी पाहते."

औषध सोडलं की ते स्वतःच्या खुर्चीतूनच हाक मारायचे, "पाहुणा निघाला का वं?" रेघ पुरती उमटायच्या आधीच त्यांना उत्तर हवं असायचं.

सगळ्यात जास्त भांडणं रिपोर्टवरून झाली. आम्ही रेडिओलॉजीवाले रिपोर्टच्या शेवटी 'शंका नाकारता येत नाही' असं एक वाक्य टाकतो. ते वाक्य आमची छत्री आहे. सर ते दिसताक्षणी खोडायचे. "हे लिहून कोण सुटलं? तू सुटली. रोगी तं तिथंच हाय." सर्जनला एकच गोष्ट हवी असते असं त्यांचं म्हणणं, नस वाचेल का. म्हणून त्यांच्या रिपोर्टची शेवटची ओळ ठरलेली असायची. 'नस वाचेल.' किंवा 'नस वाचणार नाही.' किंवा 'मला कळलेलं नाही, उघडून पाहा.' ही तिसरी ओळ वाचून सेंटरच्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून समज दिली होती, की असं लिहिलं तर लोक पैसे कशाला देतील. सर म्हणाले, "न कळल्याचे पैसे वापस करा."

सर्जन त्यांची टिंगल करायचे. पण कानाखालची गाठ काढायच्या आदल्या दिवशी त्यातल्या प्रत्येकाचा फोन यायचा. विहारात, जयंतीला भीमगीतं गाणाऱ्या एका बाईंची गाठ खूप खोल होती. गाणं जाईल म्हणून बाई ऑपरेशनला तयार नव्हत्या. सरांनी 'नस वाचेल' असं लिहिलं आणि ती वाचली. महिन्याभराने त्या पेढे घेऊन आल्या आणि सरांच्या आग्रहावरून व्हरांड्यात उभ्या राहून दोन गाणी म्हणाल्या. सर डोळे मिटून ऐकत होते. त्या दिवशीही आमची रांग तुंबली.

सरांचं नेहमी बरोबरच यायचं असं मात्र समजू नका. कळमेश्वरहून एक निवृत्त गुरुजी आले होते. गाठ छोटी, वर्षानुवर्षं तशीच असलेली. गुरुजींनी शिट्टी मारली तर नुसती फुंकर. पुन्हा मारली, पुन्हा फुंकर. सर एकदम गंभीर झाले. ठरलेल्या चित्रांशिवाय आणखी चित्रं घेतली, नसेचा माग हाडातल्या भोकापर्यंत आणि तिथून आत मेंदूपर्यंत काढला. बाहेर रांग दारापर्यंत गेली. एका पेशंटच्या भावाने मालकांना फोन लावला. नस अगदी स्वच्छ. सर मानायला तयार नाहीत. ते स्वतः बाहेर गेले आणि गुरुजींना पुन्हा शिट्टी मारायला लावली. तेव्हा गुरुजी नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते दात देता का माहे? तुमच्या पोरानं काढून ठेवाले लावले. दाताशिवाय कशी वाजन शिट्टी?"

मशीनमध्ये जाण्याआधी अंगावरचं सगळं काढायचं असतं, कवळीसुद्धा. नरेशने आपलं काम चोख केलं होतं. गुरुजींनी कवळी घातली आणि अशी शिट्टी मारली की रांगेतली माणसं उठून उभी राहिली. मी रागाने हसूही शकले नाही. सरांनी फक्त नवा नियम केला, आधी शिट्टी, मग दात.

मग एका वर्षी होळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की व्हरांडा शांत झालाय. म्हणजे पेशंट शिट्ट्या मारत होते, पण सरांची ती अर्धवट चाल ऐकू येत नव्हती. कुणी लाजलं तर ते नरेशला पुढे करत. नरेशची शिट्टी म्हणजे बसचा कंडक्टर. शिवाय सरांनी दाढी वाढवली होती. जन्मभर तुळतुळीत दाढी केलेला माणूस. विचारलं तर म्हणाले, "ब्लेडा महागल्या." मग एक दिवस काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. "तुम्ही तरी विचारा वं त्यायले. रात्री डावा डोळा अर्धा उघडा ठेवून झोपतात. चहा सांडते शर्टावर. मी बोलली का चिडतात."

फोन ठेवून मी रिपोर्टिंग रूममध्ये गेले आणि दार लावलं.

"सर, डावीकडची दाढी बाजूला करा."

"दाढी बाजूले कशी करू वं? पडदा हाय का?"

मी सरळ हात लावला. त्यांनी हजारो लोकांच्या कानाखाली जिथे बोटं फिरवली होती, तिथेच, जबड्याच्या कोपऱ्यावर. दगडासारखी टणक गाठ होती, आणि हलत नव्हती.

"कधीपासून?"

"दिवाळी."

मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. दिवाळी! खेड्यापाड्यातून उशिरा येणाऱ्या लोकांना हा माणूस व्हरांड्यात उभं करून रागवायचा, "झोपले होते का?" म्हणायचा. आणि स्वतः त्या मशीनपासून वीस पावलांवर बसून संत्री खात होता. मी जे तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत होते, मग साल बोटांनी बारीक करत म्हणाले, "मले त्या भुयारात नाही जमत. पहिल्यापासून. एक डाव नवीन मशीन आली तवा झोपून पाह्यलं होतं, श्वास बंद झाला." पेशंटला 'डोळे मिटा, काही होत नाही' असं रोज सांगणारा माणूस! पण मला माहीत होतं की हे अर्धंच कारण आहे. आत गेल्यावर काय दिसेल हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

रविवारी सेंटर बंद असतं. मी नरेशला बोलावून घेतलं. काकू सरांना घेऊन आल्या. सरांनी घड्याळ काढलं, चष्मा काढला, स्वेटर काढला. स्वेटरच्या खिशातून संत्रं निघालं, ते काकूंच्या हातात दिलं. मशीनच्या दाराशी मी उभी होते.

"शिट्टी," मी म्हणाले.

"तुले माहीत हाय."

"नियम तुमचा आहे. शिट्टीशिवाय आत नाही."

मी हे रागाने म्हणाले, पण खरं सांगायचं तर मला आशा होती. त्यांनी ती चाल वाजवावी, आम्हा सगळ्यांना मूर्खात काढावं आणि घरी जावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी ओठ दुमडले. उजवी बाजू गोळा झाली, डावी तशीच लोंबत राहिली. वारा सुटला. त्यांनी डाव्या गालावर बोट दाबून पुन्हा पाहिलं, तेव्हा एक बारीक आवाज आला आणि तुटला. काकू म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही. सवय राह्यली नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

आत गेल्यावर पेशंटने गप्प पडून राहायचं असतं. सर बोलत होते. चेहऱ्यावर पिंजरा लावलेला, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा, आणि माइकवरून सूचना. "चरबी दाबून घेतली का चित्रात? नाही तं नस दिसणार नाही! भोकापर्यंत घेजो! नरेश, जाडी कमी ठेव!" चित्रं सगळी हललेली. मी माइकवर म्हणाले, "सर, तोंड बंद ठेवा." ते म्हणाले, "बंदच हाय." पहिला अख्खा संच वाया गेला. पुन्हा सुरुवात केली तर त्यांना खोकला आला. तिसऱ्यांदा मी ओरडले, इतकी ओरडले की नरेशने माझ्याकडे वळून पाहिलं.

मग औषध सोडलं. रेघ सरळ वर चढली आणि तिथेच थांबली. खाली आली नाही. मी नसेची चित्रं उघडली. गाठीपासून निघालेला जाड, पांढराशुभ्र धागा कानामागच्या हाडातल्या भोकापर्यंत गेला होता आणि भोकाच्या आतही थोडा दिसत होता.

माइकवर आवाज आला, "पाहुणा निघाला का वं?"

मी बोलायचं बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"सर, हलू नका."

त्यानंतर तपासणी संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी माझं ऐकलेली ती पहिली वेळ.

सोमवारी सकाळी ते रोजच्यासारखे स्वेटर घेऊन आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. रिपोर्ट स्क्रीनवर होता. शेवटी मी लिहिलं होतं, 'नसेला बाधा झाल्याची शंका नाकारता येत नाही.'

"हे कोणासाठी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी कीबोर्डवरची मुंगी झटकली.

"मी रोगी हाओ न? मंग मले सांग."

"नस वाचणार नाही, सर."

"तेच लिही. सर्जनले आधी कळलं तं पायातली दुसरी नस काढून तवाच जोडते. नाही तं टेबलावर डोकं खाजवत बसन." मी टाइप करत होते आणि डोळे पुसत होते. त्यांनी संत्रं काढलं आणि माझ्या कीबोर्डवर सोललं. मी सालांमधूनच बटणं शोधत राहिले.

सुईच्या तपासणीने रिपोर्टवर शिक्का मारला. ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशनचे शेक झाले. जोडलेली नस चालायला वेळ लागतो, कधी चालतच नाही. पावसाळा संपता संपता ते कामावर परत आले. तोंड उजवीकडे ओढलेलं, डावी पापणी मिटत नाही, गळ्याखाली लांब व्रण. पेशंट घाबरतील म्हणून मालकांनी सुचवलं की घरी बसूनच रिपोर्ट वाचा, सोय करून देतो. सर म्हणाले, "घरून शिट्टी कशी ऐकू?"

त्यांचं बोलणं आता फेंगडं यायचं, पण कमी झालं नव्हतं. स्ट्रॉने चहा प्यायचे आणि तोही कीबोर्डवर सांडायचे. मी त्यांना पूर्वीसारखीच रागवायचे. मला तेवढंच जमत होतं.

एकदा खापा गावाहून एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, शेतावर राबणाऱ्या, कानाखाली गाठ. सोबत दीर. सर व्हरांड्यात गेले आणि म्हणाले, "शिट्टी मारा." बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. आपलं असंच होणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

"शिट्टी? बाप्पा! बायामाणसानं? अन् भाऊजीसमोर?" त्यांनी पदर तोंडावर घेतला.

सरांनी सवयीने ओठ दुमडले. वारा सुटला, लाळ हनुवटीवर आली. त्यांनी ती रुमालाने पुसली. दीर दुसरीकडे पाहू लागला. नरेश आत औषध भरत होता, त्याला हाक मारता आली असती. सरांनी हाक मारली नाही. ते माझ्याकडे वळले आणि नुसते पाहत राहिले.

मला त्यांचा भयंकर राग आला. भर व्हरांड्यात, रांगेसमोर, पांढरा कोट घालून मी ओठ दुमडले. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा चहाच्या किटलीसारखा आवाज आला. मग त्यांच्या त्या चालीचा पहिला तुकडा, बेसूर, पण आला. रांगेत कुणीतरी खोकलं. बाई पदराआड हसायला लागल्या, आधी हळू, मग खदाखदा.

"पदर काढा तोंडावरचा," सर म्हणाले.

पदर खाली आला. बाई हसतच होत्या. दोन्ही गाल सारखे वर गेले होते, दोन्ही डोळे बारीक झाले होते. सरांनी वाकून, निरखून, हसू मावळेपर्यंत पाहिलं.

"हसू दोन्हीकडं गेलं," ते म्हणाले. "घ्या आत."

बाई आत गेल्या. सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सूर चुकला वं तुहा. अन् अर्ध्यात काहून सोडली?"

"तुम्हीच सोडायचे अर्ध्यात."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ते आता गळतच असतं. नस गेली की पापणी पाणी धरत नाही. पण त्या दिवशी उजव्यातूनही आलं.